बोंबेच्या आड

ओटीवर काशीरामने जगनचा निखळलेला खांदा एका हिसक्यात जागेवर बसवला, जगनने बोंब ठोकली, आणि त्या बोंबेच्या आड रंभाने आत तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं. मेलं ते पत्र्याचं झाकण, हळू उघडायचं नावच घेत नसे. तिने तांदळात कोपरापर्यंत हात घालून कागदाची पुडी काढली, एक पांढरी गोळी जिभेवर ठेवली आणि वर घोटभर पाणी प्याली. जगन कण्हत होता तोवर झाकण परत लावलं आणि हुश्श केलं. ते हुश्शसुद्धा छातीतून शिटी वाजवत बाहेर आलं.

विचुंब्याच्या काशीराम हाडवैद्याचं नाव लांबवर होतं. जासईच्या मिठागरातले लोक मोडकी मनगटं घेऊन यायचे, बेलपाड्याहून कुणाला बैलगाडीत घालून आणायचे. पैसा घ्यायचा नाही, एक नारळ तेवढा घ्यायचा, आणि रोग्याला बजावायचं, माझा हात अंगावर आहे तोवर दुसऱ्या कुणाचं औषध पोटात घ्यायचं नाही. घेतलं की हाताचा गुण गेला. बापाने घालून दिलेली ही रीत काशीराम नेमाने पाळायचा.

आणि अशा माणसाच्या बायकोला दमा! आता बोला.

रोज संध्याकाळी तो तिला पाटावर बसवायचा, तेल कोमट करायचा आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवत वरपर्यंत जायचा. धाप लागून लागून फळीसारखी झालेली पाठ त्याच्या हाताखाली सैल पडायची, खांदे उतरायचे, बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं. पण छातीत अडकलेला श्वास काही अंगठ्याने सुटत नव्हता. तो सुटायचा गोळीने. काशीराम मात्र "आता कसा वाटतं?" असं विचारून तिच्या तोंडाकडे अशा आशेने बघायचा, की रंभाच्याने खरं सांगवत नसे.

दोन वर्षांमागे पनवेलच्या बाजारात तिला धाप लागली, तेव्हा बांगड्यावाल्या खतीजाने हाताला धरून तिला डॉक्टरकडे नेलं होतं. खतीजाचा भाऊ दाऊद तिथेच कंपाउंडर. तेव्हापासून बांगड्यांच्या टोपलीत गोळ्यांची पुडी लपवून खतीजा महिन्याला विचुंब्याला यायची आणि जाताना चार अंडी घेऊन जायची.

"भाबी, दादाला एकदा सांगून टाक," ती म्हणायची. "कसम से, खाणार नाही तो तुला."

"त्यांच्या हाताचा गुण गेला तर?" रंभा म्हणायची. "लोकं काय बोलतील? हाडवैद्याची बायको दाक्तराची गोळी खाते. नाय गं बाय. त्या हातांशिवाय त्यांच्याकडे दुसरा हाय काय?"

नशीब एवढंच, की काशीरामला वर्षभरापासून एक खोड लागली होती. त्याचा बाप रोग्याच्या तोंडात फडका कोंबायचा, हूं की चूं करू द्यायचा नाही. काशीराम मात्र हल्ली रोग्याला सांगायचा, "वरड. मोठ्यान् वरड. हाड लवकर बसतं." रोगी नसेल त्या सकाळी हा नेमका तिच्या गोळीच्या वेळेला कोयता दगडावर घासायला घ्यायचा, करकर करकर. रंभा मनातल्या मनात देवाला हात जोडायची आणि झाकण उघडायची.

कार्तिकात भाताची झोडणी सुरू झाली. खळ्यावरून कोंडा उडायला लागला आणि खतीजा लेकीच्या बाळंतपणाला उरणला गेली ती आलीच नाही. रंभाने गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या. शेवटी पुडीचा नुसता कागद उरला.

तिसऱ्या सकाळी तिला धाप लागली. ओठ सुकले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. काशीराम पाठीमागे बसला. तेल, अंगठे, मणका, सगळं झालं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"रंभे, श्वास घे."

"घेतंय."

ती घेत नव्हती. श्वास येतच नव्हता. काशीरामने हात थांबवले, स्वतःच्या दोन्ही पंजांकडे जरा वेळ पाहिलं आणि ते धोतराला पुसले. मग शेजारच्या हौसाला हाक मारून त्याने तिच्यापाशी बसवलं.

"पट्ट्यांचा मांजरपाट संपलाय. पनवेलला जाऊन येतो," म्हणाला, आणि जवळजवळ पळतच गेला.

रंभा गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसून राहिली. बायको इथे जीव मुठीत धरून बसलीय आणि ह्याला मांजरपाट सुचतोय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिला त्याचा असा राग कधी आला नव्हता.

दुपारच्या आत तो परतला. काखेत मांजरपाटाची गुंडाळी होती. हौसाला घरी पाठवून तो आत पाणी प्यायला गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"भात टाक," तो म्हणाला. "भूक लागली."

बोलायला दम नव्हता. भिंतीला धरून धरून ती आत गेली. तेवढ्यात ओटीवर जगन खांदा दाखवायला आला.

"काय ओ दादा, तुमी दाक्तराच्या बाकड्यावर कशाला बसलेला? अख्खा बाजार बघत होता."

"माझा हात दुखतो," काशीराम म्हणाला.

"तुमचा? हाडवैद्याचा हात दुखतो?" जगनला हसू आवरेना. "गावात सांगितला तर कोन खरा मानायचा नाय."

"खुशाल सांग."

आत रंभाने डब्याचं झाकण काढलं आणि मापटं बुडवायला गेली, तर हाताला काहीतरी लागलं. भरगच्च पुडी होती, तिला मांजरपाटाची चिंधी बांधलेली. गाठ एका अंगाला घेतलेली, दोन पीळ घातलेली. मोडक्या हाडाला टोचू नये म्हणून बांबूच्या कामट्यांवर काशीराम बांधतो ती. अशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. रंभा गाठीवरून बोट फिरवत राहिली. तिच्या हातून झाकण निसटलं आणि जमिनीवर खणखणलं.

ओटीवरून जगनचा आवाज आला. काशीरामने खांदा हातात धरला असावा.

"दादा, वरडू?"

"नको," काशीराम म्हणाला. "आता गरज नाय."

रंभाने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याली, पुडी पुन्हा तांदळात खोल ठेवली. आणि झाकण चांगलं आपटून लावलं.