हरिसिंगच्या ट्रॅक्टरचा काटा

इंजिन पहिल्याच सेल्फला धडधडत सुरू झालं आणि तिथंच पंचाईत झाली. सुरू झालेलं इंजिन बंद करा म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

उमरखेडहून ढाणकीला जाणाऱ्या रस्त्यावर रुपालीचं गॅरेज आहे. तसं ते तिच्या नवऱ्याचं, जीवनचं. पण जीवन राजूरला खाणीवर डंपर दुरुस्तीला लागला, तेव्हापासून शटर हीच उघडते आणि हीच पाडते. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलेली बाई, पण गावानं तिला आजवर काय दिलं? क्लच दिले, ब्रेक दिले. अख्खं इंजिन बांधायला देताना सगळ्यांचे हात आखडायचे. तांड्यावरच्या हरिसिंगनं दिलं. ब्लॉक बोरिंगला पाठवण्यापासून नवे पिस्टन, नवे बेअरिंग घालण्यापर्यंत सगळं तिनं एकटीनं केलं. आता हे चाललं तर तिच्या दारात इंजिनं येणार होती. नाही चाललं तर जन्मभर क्लच आणि ब्रेक, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून सगळे खुशीत होते तेव्हा तिची नजर गेजवर होती. इंजिनात तेल दाबानं फिरतंय की नाही ते सांगणारा काटा शून्यावर बसला होता, ढिम्म. तिनं स्टॉपची नॉब ओढली आणि इंजिन गप्प झालं.

"काहून बंद केलं वहिनी?" हरिसिंगचा हसरा चेहरा उतरला.

"ऑइल प्रेशर नाही भाऊ."

हरिसिंगसोबत बाबाराव आले होते. त्यांच्या घरी तीन ट्रॅक्टर, त्यामुळे ट्रॅक्टरमधलं आपल्याला सारं कळतं असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. "गेज खराब असन," ते म्हणाले. "चालू दे थोडा वेळ. तेल चढते आपोआप."

"अन नाही चढलं त?" रुपाली म्हणाली. "बेअरिंग कोरडे फिरतीन. नवं इंजन पाच मिनटात भंगारात जाईन, काकाजी."

हरिसिंगची घाई खोटी नव्हती. सोयाबीन कापून वावरात ढीग लागलेला, वर आभाळ भरून येत होतं आणि थ्रेशर या ट्रॅक्टरावरच चालायचं. त्याचा हात चाबीकडे गेला. रुपालीनं त्याच्या आधी चाबी काढली आणि पदराला बांधली.

"राग येऊ द्या भाऊ. पण पाह्यल्याबिगर चालू करू देत नाही."

"मंग पाहा," हरिसिंग म्हणाला. आवाजात गोडवा उरला नव्हता. "दुपारपर्यंत झालं त ठीक. नाही त यवतमाळले नेतो उचलून."

उंबऱ्यावर धुरपताबाई बसल्या होत्या, रुपालीच्या सासूबाई. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा हरिसिंगकडे, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या.

रुपालीनं आधी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल भरपूर होतं. मग कोपऱ्यातल्या जुन्या ट्रॅक्टरचं चांगलं गेज काढून इथं लावलं, नॉब ओढूनच ठेवली, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. चाबी लावून हरिसिंगला म्हणाली, "मारा सेल्फ." इंजिन घरघर फिरलं. दुसऱ्या गेजचाही काटा हलला नाही. म्हणजे बिचाऱ्या गेजवर उगाच आळ आला होता.

"मंग तेलाचा पंप गेला," बाबारावांनी दुसरा निकाल दिला. "खालचं चेंबर उतरव, खोल सारं."

सारं खोलायचं म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती. हरिसिंगनं खिशातून मोबाइल काढला. तो यवतमाळला लावणार हे उघड होतं. पण पंप गेला हे तिच्या मनाला पटेना. बसवण्याआधी तिनं पंपात तेल घालून तो हातानं फिरवला होता, आणि त्यानं तिची ओंजळ भरली होती.

तिनं ऑइल फिल्टर काढला. आत बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत.

"भाऊ, फोन ठेवा जरा," ती म्हणाली. "पंप तेल फेकते. फिल्टरले येत नाही. मधात वीतभर रस्ता आहे, तिथंच काही अडलं."

फिल्टर ज्यावर बसतो तो भाग तिनं ब्लॉकवरून उतरवला. मागे तेलाचं भोक दिसलं. पुन्हा सेल्फ मारायला लावला, तर भोकातून थेंब नाही. सायकलचा एक आरा घेतला, टोक वाकवून आत घातलं. आत काहीतरी मऊ लागलं. तिनं हळूच पीळ देऊन ओढलं, तसा तेलानं काळा झालेला बोळा बाहेर आला.

कापूस!

"वाहवा," बाबाराव म्हणाले. "वावरात जागा उरली नाही वाटते, सूनबाईनं इंजनात कापूस पेरला."

हरिसिंग हसला नाही, तेच जास्त लागलं. आमच्याकडं इंजिन उघडं असलं की धूळ जाऊ नये म्हणून भोकांत कापूस कोंबतातच. घराघरात तो पडलेला असतो. रुपालीनंही कोंबला होता आणि बांधताना एकूण एक काढला होता. तिचे बोळे म्हणजे बोंडातून ओढलेली ढेकळं. हा तळहातावर वळून घट्ट केलेला होता, देवापुढच्या वातीसारखा. गॅरेजमध्ये असा कापूस वळणारे हात एकाच माणसाचे होते.

तिला राग आला, डोळ्यांत पाणी येईल इतका. महिनाभराची मेहनत आणि आत हे! पण उंबऱ्यावरची म्हातारी पांढरीफटक पडली होती. आणि खरं बघता भोक झाकण्याआधी आत पाहणं हे काम बांधणाऱ्याचंच असतं.

"चूक माही आहे," रुपाली म्हणाली. "फिल्टर लावाच्या आधी पाह्यलं पाह्यजे होतं."

"तिची नाही." धुरपताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "म्या घातला. झाडून राह्यली होती, भोक उघडं दिसलं. म्हटलं, पोरीनं एवढं चकचकीत केलं, धूळ जाईन आत."

लग्नाला सात वर्षं झाली, पण रुपालीनं इंजिनाला हात लावलेला सासूबाईंनी पाहिला हेच तिला ठाऊक नव्हतं. त्या तर रोज तोंड फिरवूनच झाडायच्या. रुपालीचा राग कुठल्या कुठं गेला.

"बसा आत्याबाई," ती म्हणाली. "आता होते."

भोकातला शेवटचा तंतू निघेपर्यंत तिनं आरा फिरवला, सायकलच्या पंपानं हवा मारली, वरून तेल ओतून रस्ता धुतला. उतरवलेला भाग पुन्हा जागेवर लावला, फिल्टर तेलानं भरून बसवला. इंजिन काही क्षणच कोरडं चाललं होतं आणि बेअरिंगला तिनं बांधताना तेल चोपडलेलं होतं, त्यामुळे जिवाला घोर नव्हता. तरी सेल्फ मारायला सांगताना तिनं काट्यावरची नजर हलवली नाही.

इंजिन घरघरलं. एकदा, दोनदा. काटा थरथरला, शून्यावरून सुटला आणि वर चढला.

"नॉब सोडा भाऊ," ती म्हणाली. "चालू करा."

इंजिन गरजलं. काटा सरळ वर गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला. रुपालीनं इंजिनावरचं तेल घालायचं झाकण काढलं. आत तेल खळाळत होतं, तिच्या गालावर उडालं. तिनं ते पुसलंही नाही. हसू आवरत नव्हतं, आणि ती आवरतही नव्हती. बाबारावांनी जवळ येऊन गेज निरखलं, कान लावून आवाज ऐकला. "मस्त बांधलं," म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

हरिसिंगनं सीटवर बसून गियर टाकला. थ्रेशर वाट पाहत होतं. निघता निघता थांबून तो धुरपताबाईंकडे वळला आणि तांड्यावर आईला मारतात तशी हाक मारली.

"याडी, तांड्यावर सारे इचारतीन, कोणं बांधलं म्हणून. काय सांगू? जीवनभाऊचं गॅरेज?"

रुपालीनं तोंड उघडायच्या आत म्हातारी पुढं झाली.

"रुपालीनं बांधलं म्हणून सांग," ती म्हणाली. "जीवनचा त्यात एक पेचही नाही. माहा कापूस होता, तोही तिनं काढून फेकला."