पाचव्या घंटेची जागा

नदीकाठच्या विथीकोटमध्ये घरं चौदा आणि चर्चच्या मनोऱ्यात घंटा सहा. माणसांपेक्षा घंटांचाच थाट मोठा. सहावी, सगळ्यांत जड घंटा एडगर पिमची. पाचवी त्याच्या धाकट्या भावाची, रेजची. रेजनं न विचारता काठावरचं सामाईक वाळुंजाचं झाड तोडलं, तेव्हापासून दोघांत अबोला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली ही पिम मंडळी. तरी दर रविवारी दोघं शेजारी उभं राहून दोर ओढत. पाचवी वाजली की सहावी. त्याला बोलावं लागत नाही, आणि ताल कधी चुकलाही नाही.

नोव्हेंबरात रेज गेला. घंटावाल्यांची म्होरकी मेव्हिस एडगरच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"शुक्रवारी घंटा वाजवून त्याला पोचवायचंय. येशील ना?"

"त्याच्यासाठी मी दोराला हात लावणार नाही."

"मग माझ्यासाठी लाव. तू नसलास तर चौघंच उरतो. चार घंटांवर आपण कुणालाच पोचवलेलं नाही. गाव नावं ठेवील."

"गाव म्हणजे तूच की," एडगर म्हणाला. पण तिच्या कपात त्यानं परत चहा ओतला, तेव्हा ती काय ते समजली.

शुक्रवारी घंटांच्या लोलकांना दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे एका बाजूनं चामडं बांधलं होतं. एक टोल खणखणीत, पुढचा दबका. पाचवा दोर गुंडाळून खुंटीला टांगलेला. मेव्हिसनं बजावलं, "चौथीमागे लगेच सहावी. मध्ये जागा सोडायची नाही." एडगरनं मान हलवली.

चौथी वाजली आणि एडगरचे हात थांबले, एका घंटेपुरते. मग सहावी वाजली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्याला कळत होतं, पण हात ऐकेनात. उभा जन्म ते रेजच्या मागून गेले होते.

"मागे पडतोयस, एडगर," मेव्हिस म्हणाली. मनोऱ्यात ती कुणाची गय करत नसे.

"जरा दम धर," एडगर म्हणाला. "आधी त्याची वाजू दे."

त्याला रडू फुटलं होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मेव्हिसनं पुन्हा टोकलं नाही. शवपेटी खड्ड्यापाशी पोचेपर्यंत, दर फेरीला, चौथीनंतर सगळेच रेजपुरते थांबत राहिले.