चार हवेल्या आणि एक खिळा

सासूबाईंनी वाटणी केली त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबलं नाही. थोरलीला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, एलिझाबेथला, चार चित्रं मिळाली. मिशनच्या बंगल्यातली मडम विलायतेला परत जाताना सासूबाईंना देऊन गेली होती ती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, काचेच्या फ्रेममधली, फार जुनी. चारही इंग्लंडातल्या गावाकडच्या सरदारांच्या हवेल्या. एकेकीला खिडक्या किती! पुढं मैदान, त्यात हरणं, दाराशी बग्गी. आणि मला काय, तर कोल्हारचं हे दोन खोल्यांचं घर.

लग्न होऊन आल्यापासून ती चित्रं पुसायचं काम माझं. काचा मी पुसायच्या आणि हवेल्या थोरलीच्या! त्या घेऊन जाऊबाई शिर्डीला भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. मी तिकडं पाऊल टाकलं नाही. चर्चमध्ये भेटल्या की तोंडभर हसायचे आणि मनात म्हणायचे, बसा हवेल्यांखाली चहा पीत.

यंदा नाताळचा फराळ द्यायला नवऱ्यानं मला बळेच पाठवलं. आत शिरले आणि आधी भिंती पाहिल्या. कोऱ्या. कॅलेंडरसुद्धा कपाटाच्या मुठीला टांगलेलं.

"इकल्या व्हय हवेल्या?" मी विचारलं.

"न्हाई गं." त्यांनी कॉटखालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं ओढलं. "घरमालक खिळा ठोकू देत न्हाई. आत्याबाई वाटणी करताना म्हणल्या हुत्या, थोरलीला घरं, धाकटीला घर. एक टिंब जास्ती मिळालं म्हून लई खूश हुते मी."

मी गाठोडं सोडून हवेल्या मोजल्या. मग त्याच म्हणाल्या, "आराधना, तुझ्या भितीवर लावू का?"

आंधळा मागतो एक डोळा! पुढच्याच रविवारी त्या चित्रं घेऊन आल्या. खिळे मी ठोकते म्हटलं, तर ऐकेनात. चारही त्यांनीच ठोकले, दणादणा. हवेल्या माझ्या घरात! माझं काळीज सुपाएवढं झालं. शेजारच्या बनुबाईला दाखवायला बोलवावं म्हणून वळले, तर जाऊबाईंचं चित्रांकडं लक्षच नव्हतं. एका हातात हातोडी तशीच, आणि दुसरा हात त्या भिंतीवरून सावकाश फिरवत होत्या, दुभत्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"पक्की हाय गं," त्या म्हणाल्या. "अजून एक खिळा ठोकू?"

"कशाला? चित्रं तर संपली."

"उगंच."

मी त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"पुरे," मी म्हणाले. "भित माझी हाय."