सदरातली बायको

“तुम्ही त्याच का हो? त्या सदरातल्या?”

दंडात सुई असताना माणूस सहसा गप्प राहतो. हा पेशंट मात्र मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होता. साठीचा गृहस्थ, कालच पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. हसला की टाके दुखत होते, तरी हसायचा थांबत नव्हता.

“दंड सैल सोडा,” मी म्हटलं.

“परवाचा लेख काय झकास होता! रिमोट समजून टीव्हीसमोर फोन दाबत बसलेली बायको! आमच्या घरात सगळे पोट धरून हसले. खरंच दाबत होतात का तुम्ही?”

“कापूस दाबून धरा. चोळू नका.”

तेव्हाच सांगायला हवं होतं, की रिमोट समजून फोन दाबत बसले होते ते आमचे हे. मी भाजी चिरत समोर बसले होते, मीच यांच्या हातातून फोन काढून घेतला. रविवारच्या पुरवणीत मात्र फोन माझ्या हातात आणि शहाणपण यांच्या हातात. सतरा वर्षं हे असंच चाललंय.

आमचे हे पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. तिथे यांना कोणी विचारत नाही. पण रविवारी सकाळी गावभर यांचं नाव होतं. सदराचे विषय तीनच: फोनच्या सवयी, बाहेरचं जेवण आणि गाणी. त्यापलीकडे यांची लेखणी कधी गेली नाही, आणि तिन्ही विषयांत मी आहेच. लेखात माझं नाव ‘आमचं गृहखातं’. हॉटेलात गेलं की गृहखात्याचा गोंधळ, नवा फोन आला की गृहखात्याचा गोंधळ. आम्ही बाहेर जेवायला जायचो तेही यांचा आठवड्याचा विषय संपला की. घास तोंडात असताना हे फोनवर टिपणं काढायचे आणि लेखात लिहायचे, की आजकाल लोक जेवताना फोन सोडत नाहीत.

सुरुवातीला मलाही मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? कात्रणं काढून ताईला पाठवायचे. ताई माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावात शिवणकाम करायची. ती कधी हसली नाही. एकदा म्हणाली, “ठमे, हा तुझ्याबद्दल लिहितो की तुझ्यावर?” मी विषय बदलला.

मग यांनी माझ्या गाण्यावर लिहिलं. मी स्वयंपाक करताना गुणगुणायचे. लेखात आलं, की गृहखात्याचा सूर फक्त मिक्सरशी जुळतो. दुसऱ्या दिवशी शेजारीण गॅलरीतून ओरडली, “अहो, आज मिक्सर बंद का?” मी हसले. त्या दिवसापासून घरात गाणं बंद केलं. यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

ताईच्या आलं. आईने आम्हाला बरीच गाणी शिकवली होती. ताईने युक्ती काढली. दर गुरुवारी तिने फोनवर एक ओळ म्हणून पाठवायची आणि पुढची ओळ मी. एक गाणं पुरं व्हायला पाच-पाच, सहा-सहा आठवडे लागायचे. तिच्या ओळीमागे शिलाई मशीन चालू असायचं, मध्येच गिऱ्हाईक यायचं, मग ओळ अर्धी टाकून “बाही घट्ट होतेय का?” असं विचारणं, आणि पुन्हा ओळ पहिल्यापासून. मी माझी ओळ हॉस्पिटलातल्या चादरींच्या खोलीत म्हणायचे. दार लावलं की त्या खोलीतला आवाज बाहेर येत नाही. शब्द चुकला की ताई पुढच्या गुरुवारी आधी शिव्या घालायची आणि मग गायची.

आठ महिन्यांपूर्वी ताई गेली. तिचे एकशे बारा निरोप माझ्या फोनमध्ये राहिले. फोन जुना. जागा नाही म्हणून सारखा अडायचा, फोटो निघायचे नाहीत. वॉर्डातल्या पोरी म्हणायच्या, “सिस्टर, नवा घ्या, आम्ही सगळं उतरवून देतो.” माझा धीर होत नव्हता. उतरवताना एक जरी निरोप सांडला तर? आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. ही माझी चूक, आणि ती मी स्वतःला रोज ऐकवते. ड्यूटी संपली की बसची वाट बघत एक निरोप ऐकायचा, एकच, म्हणजे पुरतील. एवढंच माझं होतं. ते कोणी छापलेलं नव्हतं, कोणी त्यावर हसलेलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी रात्रपाळी करून घरी येऊन झोपले. दुपारी उठले तर हे समोर उभे, चेहरा खुललेला.

“बघ तुझा फोन! कसा पळतोय बघ आता.”

“काय केलंत?”

“सफाई. या आठवड्याचा विषय आहे, गृहखात्याची साफसफाई. सगळ्यात जास्त जागा खाणारं आधी काढायचं, असा नियम केला. अगं, तुझ्या ताईच्या निरोपांनीच निम्मा फोन भरला होता.”

मी फोन उघडला. ताईचं नाव होतं, फोटो होता, खाली काही नव्हतं.

“ऐकून तरी बघायचंत.”

“ऐकला की एक,” हे म्हणाले. “नुसतं गुणगुणणं होतं. मागे मशीनचा खडखडाट. मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल. आणि आता माणूसच नाही म्हटल्यावर...”

मी तशीच चपला अडकवून फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने अर्धा तास खटपट केली. मग मान हलवली. “सफाई केल्यावर साहेबांनी नवा बॅकअप घेऊन ठेवलाय. जुना त्याच्यामुळे पुसला गेला. सॉरी, मावशी.” ताईचा स्वतःचा फोन भाऊजींनी केव्हाच पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. फोनवर तेही रडले. त्यांना काय बोलणार?

घरी आले. हे स्वयंपाकघरात चहा करत होते, माझ्यासाठी. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी दारातूनच म्हटलं, “ताई एकदा गेली ती आजाराने. दुसऱ्यांदा तिला तुम्ही घालवलंत.”

यांनी मान खाली घातली. चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही यांना. मला वाटलं, लागलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी या माणसाला खरंच लागलं. खरं सांगते, त्या क्षणी मला यांची थोडी दयासुद्धा आली. थोड्या वेळाने हे आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. रडत असतील, असं समजून मी आत गेले नाही.

हे लिहीत होते.

रविवारी माझी सकाळपाळी होती. ड्रेसिंगचा ट्रे घेऊन नर्सेसच्या खोलीत शिरले तर आमच्या मोठ्या सिस्टर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. या बाईंना मी तीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. समोर पुरवणी उघडी.

“किती मोठ्या मनाचा नवरा गं तुझा,” त्या म्हणाल्या. “असं जाहीरपणे कोण चूक कबूल करतं?”

मी वाचलं. सगळं होतं त्यात. गुरुवार होता, ओळी होत्या, शिलाई मशीन होतं, बाही घट्ट होणारं गिऱ्हाईक होतं. हे सगळं यांना कुठून कळलं? बुधवारी रात्री मीच सांगितलं होतं. पहिल्यांदाच हे शेजारी बसून ऐकत होते, एकदाही मध्ये बोलले नाहीत. आणि लेखाच्या मधोमध, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘माझ्या बायकोची बहीण एकदा आजाराने गेली. दुसऱ्यांदा तिला मी घालवलं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्य माझं होतं! चपला पायात असताना मी ते स्वयंपाकघराच्या दारात बोलले होते. ते यांनी उचललं, ‘तुम्ही’चं ‘मी’ केलं आणि चौकटीत बसवलं. आता सगळं गाव म्हणत होतं, काय वाक्य लिहिलंय!

आठवडाभर फोन येत होते. कोणाला आपली आई आठवली, कोणाला भाऊ. यांचा आवाज दर फोनला आणखी जड होत होता. पित्ताशयवाला टाके काढायला आला तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाला, “सिस्टर, माफ करून टाका हो त्यांना.” जणू हे त्याचे सख्खे भाऊ आणि मी कोण कुठली.

घरी मी एकदाच विचारलं, “मला न विचारता का लिहिलंत?”

“अगं, मन मोकळं केलं मी. लिहिल्याशिवाय माझं दुःख जात नाही.”

“तुमचं दुःख?”

“मला काय कमी वाईट वाटलंय?” हे म्हणाले, आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं यांच्या. हेच तर अवघड आहे. हा माणूस खोटा असता तर सोपं झालं असतं.

शनिवारी संपादकांनी आम्हाला जेवायला बोलावलं. गावातलं मोठं हॉटेल, पांढरे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात एकजण कीबोर्ड वाजवत होता. मी जाणार नव्हते. हे म्हणाले, “एवढा मान दिलाय त्यांनी. बरं दिसत नाही.” मग मी गेले.

संपादक, त्यांची बायको, हे आणि मी. सूप आलं. संपादक म्हणाले, “वहिनी, सतरा वर्षांत एवढी पत्रं कधी आली नाहीत. मी तर म्हणतो, याची मालिकाच करू. बहिणीच्या आठवणी. तुम्ही सांगायच्या, साहेब लिहितील.”

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे हे आधीच ठरलं होतं.

“आणि एक विनंती,” संपादकांची बायको म्हणाली. तिने फोन काढून पाण्याच्या ग्लासाला टेकवून माझ्याकडे तोंड करून उभा केला होता. “त्या गाण्यांतल्या तुमच्या दोन ओळी म्हणा ना. कीबोर्डवाल्याला थांबायला सांगितलंय मी.”

खरंच, कीबोर्ड थांबला होता. आजूबाजूचे दोन-चार लोक वळून बघत होते.

“म्हण ना अगं,” हे हळूच म्हणाले. “ताईसाठी.”

मी हात पुढे करून तो फोन पालथा घातला.

“ताई तुमच्या कोणाची नव्हती,” मी म्हटलं. आवाज चढला नाही. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगताना माझा जो आवाज असतो तोच होता. “ते गाणं आम्हा दोघींचं होतं. त्यातलं निम्मं यांनी पुसलं. उरलेलं निम्मं मी देणार नाही. मालिका नाही, ओळी नाहीत. आणि यापुढे सदरात मी नाही. गृहखातं नाही, बायको नाही, कोणी नाही.”

संपादकांनी घसा खाकरला. त्यांच्या बायकोने फोन उचलून पर्समध्ये टाकला. कीबोर्डवाला काय करावं ते न सुचून एक सूर दाबून बसला. मी यांच्याकडे बघत होते. एवढं एक मला हवं होतं, की यांनी ‘बरं’ म्हणावं. दोन अक्षरं. मग मी सूप संपवलं असतं, घरी जाऊन दोघांचा चहा टाकला असता, आणि कदाचित पुढची वर्षं निघालीही असती.

यांची मान खाली होती. अगदी त्या दिवशी स्वयंपाकघरात होती तशी. मग माझं लक्ष यांच्या शर्टाकडे गेलं. टेबलाखालून उजेड येत होता, पोटावरच्या दोन बटणांवर. अंगठा हलत होता. माझी वाक्यं विसरायच्या आत हे टिपून घेत होते.

मी पर्स उचलली. “वहिनी, बसा हो,” संपादक म्हणाले. मी कुठे बाहेर चालले नव्हते. भूक लागली होती मला, दिवसभर पायावर उभी होते. किचनच्या दाराजवळ एक लहान टेबल रिकामं होतं. तिथे जाऊन बसले, त्यांच्याकडे पाठ करून.

वेटर गोंधळून जवळ आला. “मॅडम, तुम्ही त्या पार्टीबरोबर ना?”

“नाही,” मी म्हटलं. “एकटीच आहे. मेन्यू आणता?”

त्याने आणला. मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.