टॉपरच्या खोलीतलं सेटिंग

नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये माझी घंटा एकदाही चुकली नव्हती. प्रत्येक मजल्यावर काडेपेटीएवढा सेन्सर लावायचा. इमारत हादरली की तो बिनतारी निरोप धाडतो आणि तळमजल्यावरची घंटा वाजते. एवढं साधं काम. लातूरच्या साखराबाईंच्या होस्टेलात मात्र मी तिसऱ्या मजल्यावर पाय आपटून आपटून टाचा दुखवल्या, खाली घंटा ढिम्म.

साखराबाईंचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. आता कोचिंगला आलेल्या पोरी त्यांच्याकडे राहतात. "लोकांची लेकरं हायत, सर. घंटा वाजल्याबिगर वरच्या मजल्यावर पोरी ठेवायला माझा जीव होत न्हाई," त्या म्हणाल्या. आधी वायर टाकून पाहिली होती. तिच्यावर पोरींनी ओढण्या वाळत घातल्या आणि ती तुटली.

लॅपटॉपवर हवेतले वायफाय सिग्नल तपासले आणि डोक्याला हात लावला. प्रत्येक खोलीत वेगळा राउटर, आणि झाडून सगळे सहा नंबरच्या चॅनेलवर! माझा सेन्सरही तिथेच मधोमध. त्याचं चिमुकलं बोलणं या गलक्यात कोण ऐकणार?

नेटचं काम बघणाऱ्या बालाजीला धरलं. तो म्हणाला, "सर, कोपऱ्यातल्या खोलीतली पोरगी मेडिकलला लागली ना, तिच्या राउटरला सहा नंबरचा चॅनेल होता. तवापासून सगळे पालक तेच सेटिंग मागून राहिले."

"अरे, एकाच बोळात सगळ्यांनी जीप घातली तर हलणार कोण? एक, सहा, अकरा असे वाटून दे. सगळ्यांचंच नेट पळेल."

"मी सांगून दमलो, सर. टॉपरचा नंबर सोडायला कुणी तयार न्हाई."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच हरलो आणि माझे सेन्सर चॅनेलच्या पट्ट्यात अगदी वरच्या टोकाला नेले. तिथे चिटपाखरू नव्हतं. पाय आपटला, घंटा खणखणली. साखराबाईंनी पदराने डोळे पुसले. मी सुखाने नांदेडची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. घंटा पुन्हा मुकी झाली होती.

तडक लातूर गाठलं. बालाजी मान वर करेना. "तिसऱ्या मजल्यावरच्या वैष्णवीच्या पप्पांनी विचारलं, इंजिनिअर सरांनी स्वतःसाठी कोणता चॅनेल धरला? म्हटलं, सगळ्यात वरचा, रिकामा. झालं! सगळ्यांनी तोच मागितला."

"आणि तू दिलास?"

"न्हाई कसं म्हणू, सर?"

माझं टाळकं सटकलं. त्याच्याच मोबाइलवरून वैष्णवीच्या वडिलांना फोन लावला, स्पीकरवर, आणि तो चॅनेल सोडायला सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाकीचे हटले की आम्हीही हटू."

साखराबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "ऐका, दादा. आमच्या गावात दगडमातीच्या ढिगावर सगळे एकदम हाका मारत होते. कोण कुठून वरडतंय काही कळंना. मग एक जवान वरडला, गप बसा सगळे. गप झाले तवा माझ्या बहिणीचा आवाज आला. तोवर लई बारीक झाला होता. आम्ही पोचेस्तोवर बंद पडला."

मग वैष्णवीचे वडील म्हणाले, "बरोबर आहे, मावशी. पण परवा टेस्ट आहे हो."

साखराबाईंनी फोन ठेवला, जिन्याखाली गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे राउटर मेले.

"नेट गेलं!" दारं धडाधड उघडली. मोबाइल हातात धरून पोरींचा लोंढा जिन्यावरून अंगणात उतरला. मी त्या लोंढ्यातून कसाबसा वाट काढत वर चढलो आणि रिकाम्या मजल्यावर जोरात पाय आपटला. खाली बॅटरीवरची घंटा खणखणली.

कठड्यावरून वाकून पाहिलं. सगळ्या पोरी अंगणात होत्या, पण घंटेकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

"मावशी, नेट कधी येणार?" वैष्णवीने विचारलं.

"वरचा चॅनेल सगळ्यांनी सोडला की. लावा आपापल्या पप्पांना फोन," साखराबाई म्हणाल्या आणि स्विचपाशी खुर्ची ओढून बसल्या.