नानांचा पायगुण

कॉम्प्युटर बंद पडतात, त्यात नवल ते काय! पण सूनबाईचा कॉम्प्युटर माणूस बघून बंद पडायचा, आणि तोही एकच माणूस. नाना, म्हणजे तिचे सासरे.

सूनबाई घरांचे नकाशे काढायची. काम एका आर्किटेक्टच्या ऑफिसचं, बसायचं मात्र घरीच, मागच्या खोलीत. सकाळभर सगळं झरझर चालायचं. भिंती उभ्या राहायच्या, दारं बसायची, जिना वळण घ्यायचा. दुपारी नाना चहाचे दोन कप घेऊन दाराशी यायचे. एक कप तिच्या टेबलावर ठेवायचे, दुसरा घेऊन स्टुलावर टेकायचे, आणि तोंडातून शब्द निघतोय न निघतोय तोच स्क्रीन निळी व्हायची. त्यावर एक रडवेला चेहरा आणि माफीच्या दोन ओळी. शेवटचं सेव्ह केल्यानंतर उभं राहिलेलं अर्धं घर गडप!

एरवी ही दुपारची बैठक दोघांच्याही आवडीची. नानांची सारी नोकरी छापखान्यात, मोठ्या यंत्रापाशी गेलेली. कान तिथेच निकामी झाले. निवृत्त झाल्यावर त्यांना सूनबाईच्या नकाशांचा नाद लागला. कुठलाही नकाशा असो, चष्मा नाकावर सरकवायचे आणि विचारायचे, "हे सगळं झकास आहे गं, पण या घरात म्हातारा कुठे बसणार?" सूनबाई हसायची आणि खिडकीपाशी एक लहानशी बैठक काढून टाकायची. आर्किटेक्टसाहेब त्या बैठकांवर खूश असायचे. कल्पना कुणाची हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि नानांनीही श्रेय मागितलं नव्हतं.

तर मशीन बंद पडायला लागलं तशी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पंख्यातली धूळ काढली, मेमरी बदलली, दुपारच्या उन्हाने तापत असेल म्हणून टेबल खिडकीपासून लांब ढकलायला लावलं. मग मशीन दुकानात नेऊन चालवून बघितलं. तिथे ते पाहुण्यांच्या घरी गेलेल्या पोरासारखं शहाण्यासारखं वागलं. घरी आलं, नाना चहा घेऊन आले, आणि पुन्हा तेच.

"नानांचा पायगुण!" सूनबाईचा नवरा मोठ्याने म्हणाला आणि खो खो हसला. या चिरंजीवांना प्रत्येक गोष्ट मोठ्यानेच म्हणायची सवय, बाप बहिरा ना! नानाही हसले. दोन-तीनदा हसले. पण गंमत उगाळायला लागलं की तिचं काय होतं ते सांगायला नको. मशीन बंद पडलं की घरात सगळे आधी नानांकडे बघायला लागले.

आणि मग ती दुपार आली. सूनबाईला एका बालवाडीचा नकाशा संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. शेवटचा वर्ग काढून होत आलेला, नाना आले, टेकले, आणि गेला की वर्ग! सूनबाईने कपाळावर हात मारला. आवाज तिचा नेहमीसारखाच, हळू. पण शब्द तोंडून गेले. "नाना, तुम्ही नका ना येत जाऊ इथे."

नानांना ते स्वच्छ ऐकू गेलं. त्यांनी तिचा कप टेबलावर ठेवला, आपला उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशीपासून चहा दाराबाहेरच्या तिपाईवर येऊ लागला. दारावर एक टकटक, आणि पावलं परत.

बरं, हे कमी होतं म्हणून की काय, मशीन बंद पडायचं थांबलं! एकदाही निळं नाही. काम वेळेवर, ऑफिस खूश, चिरंजीव खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणाले. सूनबाईला मात्र घास गोड लागेना.

आणि नानांनी जेवताना अगदी साध्या आवाजात सांगितलं की ते ताईकडे राहायला जाणार. ताई म्हणजे त्यांची मुलगी. "तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. थोडे दिवस जाऊन येतो." थोडे दिवस म्हणणाऱ्या माणसाने लोकरीचे कपडेही सूटकेसमध्ये भरले होते. ताई रविवारी न्यायला येणार होती.

"नानांमुळे नव्हतं बंद पडत ते," सूनबाई नवऱ्याला म्हणाली.

"मग कशामुळे?"

"तेच तर कळत नाहीये."

"अगं, चालतंय ना आता? मग कशाला उकरत बसतेस?"

चालतंय ना! या माणसाचा सगळा संसार या दोन शब्दांवर चाललेला. धडधाकट चाललेल्या मशीनची दुरुस्ती करायला बसणारी बाई बघितलीय का कुणी? रविवारी सकाळी सूनबाई बसली. नाना गेले असते, तर ती चूक मशीनच्या नावावर नाही, त्यांच्या नावावर कायमची राहिली असती. ते तिला सोसवणारं नव्हतं.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, मशीन बंद पडताना कोण नडलं ते स्वतःच लिहून ठेवतं. मी तेव्हा बघितलं होतं की. दर वेळी ब्लूटूथचा ड्रायव्हर म्हणत होतं. पण तुमचा माऊस वायरचा, कीबोर्ड वायरचा. ब्लूटूथ तुम्ही वापरतच नाही. म्हटलं, काहीतरी बरळतंय, आणि दिलं सोडून."

सूनबाईने फोन ठेवला. ड्रायव्हर म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली वस्तू यांच्यामधला निरोप्या. पण जोडलेलंच काही नाही, तर हा बाबा निरोप कुणाचा पोचवत होता?

विचार करून डोकं शिणलं तेव्हा ती उठली आणि नानांच्या खोलीत गेली. नाना रुमालांच्या घड्या घालत होते. ओरडून बोलायची तिला सवय नव्हती. तिने सरळ त्यांचा हात धरला.

"नको गं पोरी," नाना उंबऱ्याशी अडले. "चाललंय ते चालू दे. माझा पायगुण तुला माहीत आहे."

तिने त्यांना आत ओढलं. स्क्रीन होती तशीच. स्टुलावर बसवलं, तरी तशीच. नाना श्वास रोखून स्क्रीनकडे बघत राहिले. काही म्हणता काही झालं नाही.

"बघा! काही होतंय का?" सूनबाई म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"म्हटलं, काही झालं नाही!"

"थांब, थांब. कान घेऊन येतो."

नाना गेले, सूटकेस उघडली, तळातून एक छोटी डबी काढली आणि दाराशी येऊन कानाची दोन्ही मशीनं लावली. डावं, मग उजवं.

स्क्रीन निळी!

नानांचा चेहरा पांढरा पडला. "बघितलंस? मी म्हटलं होतं तुला," म्हणत ते वळले.

"पाय नाही हो नाना, कान!" सूनबाई आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडली. "तुमचे कान!"

ओरडा ऐकून चिरंजीव धावत आले, हातात अर्धं सोललेलं केळं.

"तू नानांची कानाची मशीनं या कॉम्प्युटरला जोडली होतीस का रे?"

"छे गं. म्हणजे… नवीन आणली तेव्हा जोडली होती. आवाज कमीजास्त करून द्यायला. मग विसरलो." केळं हातात तसंच राहिलं. "अरे बाप रे."

आता सगळा उलगडा झाला. नानांनी कान सुरू केले की ते ओळखीच्या कॉम्प्युटरला हाक मारायचे, मी आलो म्हणून. पूर्वी काही बिघडत नव्हतं. पण मधे कधीतरी अपडेटसोबत नवा ड्रायव्हर आला होता, तो सदोष. हाक ऐकली की गडबडायचा आणि स्वतःबरोबर अख्खं मशीन घेऊन आडवा व्हायचा. दुकानात नाना नव्हते, म्हणून तिथे ते शहाणं.

एक गोष्ट मात्र सूनबाईला अजून खुपत होती. "पण नाना, सकाळी तुम्ही इथल्या कपाटातून पुस्तक न्यायला येता. तेव्हा कधी बंद नाही पडलं."

"सकाळी कान कुठे असतात?"

"म्हणजे तुम्ही दिवसभर लावत नाही?"

"कशाला?" नानांनी मुलाकडे बोट दाखवलं. "हा ओरडतो. ताई ओरडते. टीव्ही ओरडतो. त्यांच्यासाठी कान कशाला लागतात? तू हळू बोलतेस. म्हणून तुझ्या दाराशी आलो की लावायचे, आणि निघालो की डबीत. नाजूक वस्तू आहे, उगाच कशाला झिजवायची."

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जे कान ते फक्त तिच्यासाठी लावायचे, त्याच कानांना तिने येऊ नका म्हणून ऐकवलं होतं.

"चुकलं माझं, नाना," ती म्हणाली. इतक्या हळू की शेजारच्या नवऱ्यालाही समजलं नाही.

"समजलं," नाना म्हणाले. "आता ते मशीन बघ आधी."

तिने नवा ड्रायव्हर काढून टाकला आणि जुना परत बसवला. मग तपासणी सुरू झाली. "काढा, नाना. आता लावा. पुन्हा काढा." नाना शाळेतल्या कवायतीसारखं काढत होते, लावत होते. स्क्रीनने पापणीही लववली नाही. उघडलेला नकाशा तिच्यावर जागच्या जागी होता.

तेवढ्यात खालून ताईचा आवाज आला, सगळ्या इमारतीला कळेल असा. "नाना! आवरलं का?"

नानांनी शांतपणे कान काढले, डबीत ठेवले आणि जिन्याकडे गेले. "आवरलं होतं!" त्यांचंही ओरडणं ताईच्या तोडीचं. "आता वर ये आणि सूटकेस रिकामी करू लाग!"

ताईला सगळी हकीकत समजावून देण्याचं काम चिरंजीवांवर पडलं, आणि ते त्यांनी मोठ्याने केलं. नाना चहाचे दोन कप घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी आले. कप तिपाईवर टेकवून त्यांनी कान लावले. डावं, मग उजवं. आत येऊन स्टुलावर बसले. सूनबाईने एक नवं घर काढायला घेतलं होतं, नुसत्या बाहेरच्या भिंती. नानांनी चष्मा नाकावर सरकवला.

"बरं, या घरात म्हातारा कुठे बसणार?"

"बसलाय की," सूनबाई म्हणाली, अगदी हळू.

नानांना ते ऐकू आलं.