एकाच जाडीच्या दोन रेघा

तेलीबागेतून जानकीपुरमला जायचं म्हणजे अख्खं लखनौ ओलांडायचं. तेवढ्या वेळात स्वप्नाने ऑटोत बसून भांडणाची सगळी वाक्यं तयार केली होती. तिच्या ज्येष्ठ सहकारी लतिकाताईंच्या दारात पोचेपर्यंत त्यातलं एकही विसरायचं नाही, असा तिचा निश्चय होता.

भांडण होतं एका रेघेवरून. स्वप्ना शहरातल्या एका प्रयोगशाळेत झाडांची वलयं मोजायची. हिमालयातल्या जुन्या देवदारांच्या खोडातून पेन्सिलीएवढ्या काड्या काढून आणायच्या, त्यात एकेका वर्षाचं वलय किती रुंद ते मोजायचं आणि थर्मामीटर नव्हते तेव्हाचे उन्हाळे किती तापले असतील याचा अंदाज बांधायचा. तिच्या रेघेत जुनी शतकं गार, सपाट पडली होती आणि शेवटची दशकं सरळ वर चढली होती. तिचे गाईड सुधीर सर ती रेघ बघून जाम खूश होते. या पेपरवर तिची फेलोशिप वाढायची होती. नाही वाढली, तर खोली सोडून गुमान नागपूरला आईबाबांकडे.

प्रयोगशाळेत एक रीत होती. पेपर पाठवण्याआधी कच्ची मापं दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आणि त्याने पहिला निकाल न बघता आपली रेघ काढायची. आता खरं सांगायचं तर ही रीत नावालाच उरली होती. मंडळी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता हळूच विचारून घेत, "तेरा क्या आया?" आणि तसंच काहीतरी काढून देत. स्वप्नाची मापं गेली लतिकाताईंकडे, आणि त्यांनी विचारलंच नाही. त्यांची रेघही शेवटी चढत होती, सगळ्यात वर तिथेच पोचत होती. पण मध्ये एका जुन्या शतकाला चांगला फुगवटा आला होता. त्यामुळे आजची झेप स्वप्नाच्या रेघेइतकी मोठी दिसत नव्हती.

लतिकाताई मटार सोलत बसल्या होत्या. "ये, बैस. हात लाव जरा."

"ताई, मापं तीच, झाडं तीच. मग रेघ वेगळी कशी?"

"झाडं तीच कुठे? खालच्या उतारावरची तू सगळी गाळलीस."

"ती थर्मामीटरशी जुळतच नव्हती. पारा वर चाललाय आणि ही आपल्याच नादात."

"हाँ, पण मग राहिली कोण? आज आपल्या मनासारखं बोलणारी. ती शेवटी एका सुरात वर जाणारच, तू त्यासाठीच निवडलीस ना. जुन्या काळात मात्र प्रत्येकाचं वेगळं चाललेलं असतं. सरासरी काढली की सगळं सपाट."

तयार वाक्यं कुठल्या कुठे गेली. राग तेवढा शिल्लक होता. "ही गाळायची पद्धत मी शिकले कुठून? तुमच्याच पेपरातून. अख्खी लॅब तुमचा पेपर समोर ठेवून झाडं निवडते."

"माहीत आहे गं." लतिकाताईंनी हातातली शेंग तशीच ठेवली. "तुझी मापं आल्यावर मीही आधी गाळायलाच बसले होते. मग वाटलं, यार, एकदा सगळी ठेवून तर बघू. बघितलं, आणि अन्नावरची वासनाच उडाली. माझ्या पेपरातही हीच चूक होती."

"म्हणजे तुमची रेघ बरोबर?"

"असं कुठे म्हणतेय? मी ठेवलेल्यांत पाण्याअभावी खुरटलेलीही असतील. माझ्यातही खोट असेल. आपण दोघींनी काय काय निवडलं ते तरी लोकांना दिसू दे."

स्वप्ना मटार सोलत राहिली. ताईंनी कॅन्टीनमध्ये एक प्रश्न विचारला असता तर त्यांचं नाव, त्यांचा पेपर, सगळं सुखरूप राहिलं असतं. आणि आपण मात्र जगाला चुकीच्या खात्रीने सांगत सुटलो असतो. भांडायला आलेल्या या पोरीचं मन कृतज्ञतेने भरून आलं, आणि तिला ते लपवताही आलं नाही. तिने वाकून ताईंना नमस्कार केला. ताई म्हणाल्या, "अच्छा, आता पोहे खाऊनच जा."

दुसऱ्या दिवशी सुधीर सरांनी दोन्ही रेघा बघितल्या. "लोक म्हणतील, आधी तुमचं तुम्ही ठरवा. लतिकाची पुसट कर, टिंबांची."

"नाही सर. दोन्ही एकाच जाडीच्या."

"मग फेलोशिपचं मी काही सांगू शकत नाही."

"चालेल सर."

सरांनी कागद तिला परत दिला. अडवलं मात्र नाही.

स्वप्नाने मसुदा पुरा केला, शेवटी आभाराचा परिच्छेद मनापासून लिहिला आणि ताईंना पाठवला. संध्याकाळी फोन आला.

"आभारातून माझं नाव काढ."

"का ताई?"

"झाडं गाळण्याची पद्धत फसते असं तू लिहिलंयस, पण उदाहरण दिलं नाहीस. मला वाचवू नकोस. तिथे माझा पेपर घाल, नावासकट."

फोन ठेवल्यावर तिने जड हाताने तो पेपर तिथे घातला. आभारातलं नाव मात्र तसंच राहू दिलं. ताईंचं तेवढं एक तिने ऐकलं नाही.